फिशटँकच्या प्रोबची तपासणी: बर्फापासून 26 अंशांपर्यंत

हीटरला पाण्याचं तापमान कळत नाही. त्याला कळतो तो प्रोबने, म्हणजे पाण्यात सोडलेल्या तापमान मोजणाऱ्या सेन्सरने, सांगितलेला आकडा. प्रोब 26 म्हणाला की कंट्रोलर (प्रोबचा आकडा पाहून हीटर चालू-बंद करणारा डबा) हीटर बंद करतो, मग पाणी खरोखर 26 असो, 24 असो की 28. नवीन टाकी लावणारे बहुतेक जण फिल्टर, लाइट आणि झाडांवर भरपूर वेळ घालवतात, पण स्क्रीनवरचा तो लाल आकडा पहिल्या दिवसापासून खरा धरतात. तो खरा आहे का, हे घरच्या घरी एका दुपारी तपासता येतं. त्यासाठी लागतो बर्फ, थर्मास, ताप बघायचा थर्मामीटर आणि थोडा धीर.

नाशिकमध्ये हे काम टाळून चालत नाही. डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटेचा पारा 10 अंशांच्या खाली जातो. निफाडकडे तर त्याहूनही उतरतो आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटवायची वेळ येते. एप्रिल-मेमध्ये तोच पारा दुपारी 40 च्या आसपास असतो. मुंबईच्या दमट हवेत हीटर क्वचित लागतो. आपल्याकडे दिवाळीनंतर तो रात्रभर चालू-बंद होत राहतो आणि दर वेळी निर्णय प्रोबचा असतो.

किती चूक चालते?

गप्पी, मॉली, एंजल, फायटर अशा नेहमीच्या माशांना 24 ते 28 मधलं तापमान मानवतं. गोल्डफिशला त्याहून थंड, साधारण 18 ते 22 आवडतं. डिस्कसला 28 ते 30 लागतं. गप्पीच्या टाकीत अर्ध्या अंशाची चूक असली तर काही बिघडत नाही. पण दोन अंशांची चूक मोठी आहे, आणि तिचा त्रास दोन्ही बाजूंनी होतो.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला की पाणी 30 पर्यंत नेतात. त्यामुळे परजीवीचं जीवनचक्र वेगाने फिरतं आणि औषधाला बळी पडणारी त्याची पोहती अवस्था लवकर येते. प्रोब 30 दाखवतोय आणि पाणी मात्र 28 आहे, असं असेल तर उपचार लांबतो आणि दोष औषधाला जातो. उलट पाणी 32 असेल तर ऑक्सिजनचा प्रश्न येतो. समुद्रसपाटीला 25 अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना 7.6 च्या आसपास. नाशिक साधारण 600 मीटर उंचीवर असल्याने हवेचा दाब कमी, म्हणून आपल्याकडे हे दोन्ही आकडे आणखी सहा-सात टक्क्यांनी घटतात. आजारी मासा, गरम पाणी आणि कमी हवा असं तिन्ही एकत्र आलं की मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडझाप करायला लागतात. म्हणून उपचारासाठी तापमान वाढवण्याआधी प्रोब तपासावा, आणि एअरपंप चालू ठेवावा.

नेहमीच्या टाकीसाठी अर्ध्या अंशाच्या आत आलो की थांबावं, असं माझं मत आहे. दशांशामागे धावू नका. बाजारात मिळणाऱ्या डीएस18बी20 या डिजिटल सेन्सरची उत्पादकाने सांगितलेली अचूकताच अधिक-उणे 0.5 अंश असते. स्क्रीनवर दशांशानंतर दोन आकडे दिसले म्हणून अचूकता वाढत नाही.

काय काय जमवायचं

एक संदर्भ थर्मामीटर हवा, म्हणजे ज्याच्याशी प्रोब ताडून बघायचा तो. प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात मिळणारा, 0 ते 50 अंशांचा, अर्ध्या किंवा त्याहून बारीक अंशाच्या रेघा असलेला काचेचा थर्मामीटर उत्तम. लाल द्रवाचा घ्या. पाऱ्याचा थर्मामीटर टाकीच्या आसपासही नको, फुटला तर सगळं पाणी, वाळू आणि मासे धोक्यात येतात. काचेचा नको असेल तर वॉटरप्रूफ प्रोबचा चांगला डिजिटल थर्मामीटरही चालेल. त्यातला सेल आधी बदला, कारण उतरलेल्या सेलवर आकडे भरकटतात.

टाकीच्या काचेवर चिकटवायची रंग बदलणारी पट्टी संदर्भ म्हणून वापरू नका. ती पाण्याचं आणि खोलीचं मधलंच काहीतरी सांगते, त्यामुळे थंडीत कमी दाखवते. कपाळावर धरायची इन्फ्रारेड गनही नको, ती फक्त पृष्ठभाग पाहते. फिश शॉपमधल्या सक्शन कपवाल्या काचेच्या थर्मामीटरमध्ये अंशांची पट्टी आत कागदावर छापलेली असते आणि ती कधी कधी सरकते. तुमच्याकडे तोच असेल तर पट्टी आणि काच मिळून एक बारीक खूण करून ठेवा, म्हणजे सरकली तर कळेल. लाल द्रवाच्या रेषेत मध्ये फट दिसली तर तो थर्मामीटर तपासणीला घेऊ नका.

याशिवाय रुंद तोंडाचा थर्मास, घरातला ताप बघायचा साधा डिजिटल थर्मामीटर, बादली, दोरा किंवा रबरबँड आणि एक वही.

सगळ्यात आधी हीटरचा प्लग काढा

ही पायरी विसरू नका. प्रोब बर्फात गेला की कंट्रोलर समजतो, टाकी गोठली. तो हीटर सुरू करतो आणि तुम्ही बर्फात रमलेले असताना टाकी तापत राहते. कंट्रोलर चालू ठेवायचा, पण हीटरचा प्लग त्याच्यातून काढून बाजूला ठेवायचा. हीटर पाण्यातच राहू द्या. गरम हीटर लगेच बाहेर काढला तर काच तडकते.

टाकीच्या विजेबद्दलही इथेच सांगतो. वायर सॉकेटकडे जाताना आधी खाली झोकली पाहिजे आणि मग वर चढली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली टपकतं. टाकीच्या लाइनला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) असेल तर फारच चांगलं.

शून्याची चाचणी

घरात फुकट मिळणारं एकच पक्कं तापमान आहे, ते वितळत्या बर्फाचं. अँडर्स सेल्सिअसने 1742 मध्ये आपली मोजपट्टी मांडली तेव्हा त्याने हेच दाखवलं होतं: बर्फ वितळण्याचं तापमान हवेच्या दाबाने जाणवण्याइतकं बदलत नाही, उकळण्याचं मात्र बदलतं. (त्याच्या मूळ पट्टीत 0 उकळण्याला आणि 100 बर्फाला होतं, ते नंतर उलटवलं गेलं.) नाशिकमध्ये पाणी सुमारे 98 अंशांनाच उकळतं. म्हणून उकळत्या पाण्यात धरून 100 येतं का ते बघा, हा सल्ला आपल्या गावी लागूच पडत नाही. शिवाय टाकीच्या प्रोबचं प्लॅस्टिक आणि आतला गोंद त्या उष्णतेला टिकेलच असं नाही. उकळतं पाणी विसरा.

बर्फाची चाचणी सोपी दिसते, पण ती चुकीची करणारेच जास्त. ग्लासभर पाण्यात चार खडे टाकून प्रोब तळाशी सोडला तर तिथे 0 नसतं. पाणी सर्वांत जड असतं ते 4 अंशांना, त्यामुळे वर बर्फ तरंगत असताना तळाचं पाणी 3-4 अंशांवर राहू शकतं. मग प्रोब 3 दाखवतो, आपण त्याला खोटा ठरवतो आणि कंट्रोलरमध्ये तीन अंशांची चुकीची दुरुस्ती भरून बसतो. म्हणून बर्फ तळापर्यंत भरलेला हवा.

बर्फ आरओच्या पाण्याचा करा. नळाच्या पाण्याचा असला तरी फरक अगदी नगण्य पडतो, पण चांगलं पाणी हाताशी असताना ते का वापरू नये? मीठ मात्र अजिबात लागू देऊ नका. हाताने फिरवायच्या आईस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फाला मीठ लावतात ते तापमान शून्याच्या बरंच खाली नेण्यासाठी, आणि इथे आपल्याला नेमकं शून्यच हवंय.

खडे जुन्या पंचात गुंडाळून लाटण्याने किंवा बत्त्याने बारीक फोडा. थर्मासमध्ये काठोकाठ भरा. मग थंड पाणी फक्त इतकंच ओता की चुऱ्यातल्या फटी भरतील. बर्फ तरंगायला लागला म्हणजे पाणी जास्त झालं, थोडं काढून टाका. फ्रीझरमधून नुकता काढलेला बर्फ शून्याच्या पुष्कळ खाली असतो आणि कोरडा, पांढुरका दिसतो. तो ओला, चकचकीत होईपर्यंत, साधारण 10-15 मिनिटं, थांबा.

आता संदर्भ थर्मामीटर आणि टाकीचा प्रोब दोन्ही चुऱ्याच्या मधोमध सहा-सात सेंटिमीटर खोल जातील असे रोवा. टोक थर्मासच्या भिंतीला किंवा तळाला टेकू नये. काचेच्या थर्मामीटरवर बुडवण्याची रेघ असेल तर तिथपर्यंत बुडवा आणि वाचताना डोळा द्रवाच्या टोकाच्या सरळ रेषेत ठेवा. अधूनमधून हलक्या हाताने वर-खाली ढवळा. स्टीलच्या टोपणातल्या प्रोबला तापमान पकडायला वेळ लागतो, त्यामुळे पाच मिनिटांआधीचा आकडा धरू नका. दोन-तीन मिनिटं आकडा हलला नाही की तो लिहा.

समजा संदर्भ थर्मामीटर 0.2 दाखवतो आणि प्रोब 0.9. संदर्भाची शून्यावरची चूक 0.2 जास्त, प्रोबची 0.9 जास्त. दोन्ही वहीत लिहा, पण कंट्रोलरमध्ये अजून काहीच भरू नका. मासे शून्यावर राहत नाहीत. शून्यावर 0.9 ने चुकणारा प्रोब 26 वर 0.3 ने चुकू शकतो. बर्फाचा उपयोग संदर्भ थर्मामीटरची पारख करण्यासाठी आहे, प्रोबला हमखास सुधारण्यासाठी नाही. हा फरक लक्षात ठेवला तर पुढचं सगळं सोपं जातं.

दुसरं टोक: तापाचा थर्मामीटर

संदर्भ शून्यावर खरा निघाला म्हणून 26 वरही खरा असेल, असं धरता येत नाही. त्याला वरच्या बाजूनेही बांधायला हवं. त्यासाठी घरातल्या औषधांच्या डब्यात एक चांगलं उपकरण पडून असतं. ताप बघायच्या डिजिटल थर्मामीटरची अचूकता तापाच्या पट्ट्यात साधारण अधिक-उणे 0.1 अंश सेल्सिअस असते, आणि एवढं अचूक उपकरण आपल्या घरात दुसरं क्वचितच असेल. दहा सेकंदांत अंदाज बांधणारा नको, मिनिटभर घेणारा साधा घ्या.

थर्मास रिकामा करून त्यात 38-39 अंशांचं कोमट पाणी भरा. आधी संदर्भ थर्मामीटर पाच मिनिटं त्यात ठेवा. मग तापाच्या थर्मामीटरचं फक्त टोक बुडवा, पाणी ढवळत राहा आणि बीप वाजली त्या क्षणी दोन्ही आकडे वाचा. हा थर्मामीटर सर्वांत वरचा आकडा धरून ठेवतो, त्यामुळे बीप झाल्यावर नंतर कधीतरी तुलना करून उपयोग नाही. आकडा फॅरेनहाइटमध्ये असेल तर 32 वजा करा, 5 ने गुणा, 9 ने भागा. 100.4 फॅरेनहाइट म्हणजे बरोबर 38 सेल्सिअस.

शून्यावर आणि 38 वर, दोन्हीकडे संदर्भ अर्ध्या अंशाच्या आत खरा निघाला, की मधल्या 20 ते 32 च्या पट्ट्यात त्याच्यावर विसंबायला हरकत नाही. दोन्हीकडे सारखीच चूक असेल, समजा 0.2 जास्त, तर प्रत्येक वाचनातून 0.2 वजा करा. एकीकडे 0.1 आणि दुसरीकडे 1.5 अशी चूक निघाली तर दुसरा थर्मामीटर आणा. फारच अचूकता हवी असेल, घरात डिस्कसची पैदास करत असाल, तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या कॅलिब्रेशन प्रयोगशाळेतून संदर्भ थर्मामीटर तपासून घ्या. कारखाने आपली मोजमापाची उपकरणं अशाच ठिकाणी तपासून घेतात, त्यामुळे सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारं कुणी ओळखीचं असेल तर चौकशी सोपी जाईल.

मासे राहतात त्या तापमानाला

आता खरं काम. प्रोब आणि संदर्भ थर्मामीटर यांची टोकं एका पातळीत आणून रबरबँडने सैलसर बांधा आणि टाकीतच, फिल्टरच्या प्रवाहात, हीटरपासून लांब सोडा. शंभर लिटर पाण्याइतकं स्थिर तापमान बादलीत मिळत नाही, म्हणून टाकीच बरी. दहा मिनिटांनी दोन्ही आकडे लिहा. काही मिनिटांच्या अंतराने तीनदा लिहा आणि सरासरी काढा.

वेळ असेल तर बादलीतही करून बघा. गिझरचं आणि नळाचं पाणी मिसळून एकदा 22, एकदा 30 च्या आसपास आणा, सतत ढवळा आणि तशीच जोडी वाचा. तिन्हीकडे फरक सारखा, समजा 0.7 जास्त, आला तर प्रोब निरोगी आहे, फक्त सरकलेला आहे. 22 ला 0.2 आणि 30 ला 1.4 असा फरक वाढत गेला तर एका आकड्याने तो सुधारणार नाही. तेव्हा तुमचे मासे ज्या तापमानाला राहतात तिथलाच फरक भरा आणि उन्हाळ्यात स्क्रीनवर 31-32 दिसलं की संदर्भ थर्मामीटरने खात्री करा.

दुरुस्ती भरताना

भरायची दुरुस्ती म्हणजे खरं तापमान वजा प्रोबने दाखवलेलं तापमान. संदर्भ, स्वतःची चूक वजा करून, 26.3 सांगतो आणि प्रोब 27.1 दाखवतो, तर दुरुस्ती वजा 0.8. चिन्ह उलटं भरलं तर चूक दुप्पट होते, म्हणून भरल्यावर लगेच दोन्ही आकडे जुळतात का ते बघा.

एसटीसी-1000 या आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या कंट्रोलरमध्ये एसचं बटण दाबून धरलं की सेटिंग उघडतं आणि दुरुस्ती एफ 4 मध्ये भरतात. डब्ल्यू 1209 च्या छोट्या उघड्या बोर्डवर ती पी 4 मध्ये असते. इंकबर्डच्या आयटीसी-308 मध्ये सीए या नावाखाली. भरण्याआधी तिथे आधीपासून काही आकडा आहे का ते पाहा. समजा आधीच 0.5 भरलेलं आहे आणि तुम्हाला वजा 0.8 हवंय, तर दोन्हींची बेरीज करून वजा 0.3 भरायचं. जुना आकडा न पाहता नवा भरल्यामुळे पुष्कळ टाक्या उगाच गार किंवा गरम राहतात.

ज्या थर्मामीटरमध्ये अशी सोयच नाही त्याच्यावर चिकटपट्टी लावून लिहा: तारीख आणि “वजा 0.8”. घरातल्या सगळ्यांना वाचता येईल असं लिहा, कारण तुम्ही गावाला गेल्यावर आकडा बघणारे तेच असतात.

प्रोब बदलायचा कधी

कायम 1.2 ने चुकणारा प्रोब मी आनंदाने वापरीन. आज 0.3 आणि उद्या 0.9 ने चुकणारा वापरणार नाही. ठरलेली चूक दुरुस्त करता येते, भटकणारी करता येत नाही.

स्वस्त प्रोबमध्ये बहुधा एनटीसी थर्मिस्टर असतो. त्याचा रोध तापमान वाढलं की घटतो. टोपणातून किंवा चिरलेल्या वायरीतून आत पाणी झिरपलं की रोध आणखी घटतो आणि प्रोब खऱ्यापेक्षा जास्त तापमान सांगू लागतो. परिणाम असा की हीटर चालूच होत नाही, स्क्रीनवर 26 दिसत राहतं आणि जानेवारीच्या पहाटे पाणी 20 वर गेलेलं असतं. वायर तुटली तर उलट होतं, रोध अफाट वाढतो आणि आकडा एकदम खाली पडतो. चांगला कंट्रोलर अशा वेळी एरर दाखवून हीटर बंद करतो, साधा कंट्रोलर हीटर चालू ठेवू शकतो.

मल्टिमीटर असेल तर प्रोब कंट्रोलरमधून सोडवून रोध मोजा. 10 किलोओहमचा थर्मिस्टर 25 अंशांना 10 किलोओहमच्या जवळ असतो, बर्फात प्रकारानुसार साधारण 27 ते 33 किलोओहम दाखवतो. पाण्यात ठेवल्यावर आकडा मिनिटामिनिटाला सरकत राहिला तर पाणी आत शिरलंय. तो वाळवून परत वापरायच्या भानगडीत पडू नका, नवा लावा आणि त्याची चाचणी पहिल्यापासून करा. नवा प्रोब लावला की जुनी दुरुस्ती रद्द होते, तेव्हा आधी ती शून्य करा.

पहाटे तापमान पडतं आणि हीटरचा दिवा मात्र अखंड लागलेला असतो, असं दिसलं तर दोष प्रोबचा नाही. खोली 14 अंशांवर असताना पाणी 26 वर धरायला लिटरमागे एक वॉट पुरत नाही. तिथे मोठा हीटर किंवा दोन हीटर लागतात.

जागा

प्रोब हीटरच्या समोरच्या टोकाला, पाण्याच्या मध्यावर, वाहत्या पाण्यात असावा. वाळूत पुरलेला, काचेला चिकटलेला किंवा लाइटखाली पृष्ठभागाजवळ लोंबणारा नको. आता तुमचा संदर्भ थर्मामीटर पारखलेला आहे, तेव्हा टाकीच्या चारही कोपऱ्यांत, वर आणि खाली तो फिरवून बघा. थंडीत वर-खाली एका अंशाहून जास्त फरक सापडला तर प्रवाह कमी पडतोय, फिल्टरच्या पाण्याची दिशा बदला.

सक्शन कप काही महिन्यांत कडक होऊन सुटतो. प्रोब टाकीबाहेर पडला तर तो खोलीची थंड हवा मोजतो आणि हीटर थांबतच नाही. हिवाळ्यात टाकी शिजण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. म्हणून वायर काठावर क्लिपने पक्की बांधा. हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट कंट्रोलरच्या आकड्यापेक्षा एक-दोन अंशच वर ठेवा, म्हणजे कंट्रोलर चुकला तरी हा थर्मोस्टॅट हीटर बंद करेल. हीटरच्या डायलवरचे आकडेही दोन अंशांपर्यंत चुकलेले असू शकतात, ते याच संदर्भ थर्मामीटरने पाहून घ्या.

पाणी बदलतानाही तो हाताशी असू द्या. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी जानेवारीत सकाळी बर्फासारखं गार आणि मेमध्ये दुपारी कढत असतं. बादलीतलं पाणी फिशटँकच्या एका अंशाच्या आत आणूनच ओता.

वर्षातून दोनदा ही तपासणी करा: एकदा कोजागिरीच्या सुमारास, थंडी पडायच्या आधी, आणि एकदा होळीच्या सुमारास. प्रोब बदलला, कंट्रोलर बदलला किंवा मोठा उपचार सुरू करायचा असेल तर तेव्हाही. काम झाल्यावर प्रोब साध्या पाण्याने धुवा, साबण लावू नका, मग जागेवर बसवा. स्क्रीनवरचा आकडा टाकीच्या पाण्यावर स्थिर झाल्याची खात्री करून हीटरचा प्लग परत लावा, आणि तासाभराने एकदा संदर्भ थर्मामीटर टाकीत धरून दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवा.